तुळशीराम मिस्त्रीचं इंजिन

घण माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या लोखंडी कपाटावर आदळला. कपाटातले ड्रिल, टॅप, कानशी, सगळं खळखळत खाली आलं.

"सरका बाई," घण घालणारा माणूस धापा टाकत म्हणाला. "तुमचं माझं काय भांडण न्हाई. मला नुसतं ते इंजन फोडायचं हाय."

मी सरकले नाही. माझ्या मागे टेबलावर, चाकं अधांतरी ठेवलेलं, दीड हात लांबीचं पितळी इंजिन स्वतःच्या वाफेवर फिरत होतं. रविवारची सकाळ होती, शेडचं दार उघडं होतं, आणि हा कोण कुठला माणूस न विचारता आत येऊन माझ्या जीव की प्राण असलेल्या वस्तूवर घण उगारत होता. मुळात मी शांत स्वभावाची नाही. मी टेबलावरचा मोठा पान्हा उचलला.

"बाहेर हो," मी ओरडले. "नाहीतर डोकं फोडीन."

त्याने ऐकलं नाही. डाव्या हातानेच त्याने घण पुन्हा वर नेला. उजवा हात त्याने मूठ करून छातीशी धरला होता. तेव्हा मला वाटलं, त्यात चाकू आहे. मी पान्हा फिरवला. तो त्याच्या डाव्या खांद्याच्या अलीकडे बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. घण फरशीवर पडला. तरी तो थांबला नाही. डोकं खाली घालून तो माझ्या अंगावर आला, मी टेबलाच्या पायावर आपटले, ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. मला ओलांडून तो इंजिनाकडे सरपटत निघाला. मी मागून त्याच्या पाठीत आणखी एक तडाखा दिला आणि त्याचा पाय धरून ओढला.

तेवढ्यात इंजिनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. एवढंसं इंजिन, पण आवाज कानठळ्या बसवणारा. वाफेचा फवारा छपरापर्यंत गेला.

मोडलेल्या खांद्यानेही न थांबलेला तो धिप्पाड माणूस त्या आवाजाने दचकला. तोंड झाकून घेत तो मागे मागे सरकला आणि भिंतीला पाठ लावून बसला.

"कोण आहेस तू?" मी विचारलं.

"दिगंबर पाखरे. तुळशीराम मिस्त्रीचा धाकटा."

नाव ऐकून माझ्या हातातला पान्हा खाली आला. ते इंजिन तुळशीराम मिस्त्रीनेच बनवलेलं होतं.

बार्शीत मला लोक 'लेथवाल्या बाई' म्हणत. आयटीआयमध्ये मी टर्नरच्या वर्गाला शिकवत असे. लग्न केलं नव्हतं. त्याऐवजी घरामागे पत्र्याची शेड घालून तिच्यात एक जुनं लेथ मशीन आणून ठेवलं होतं. नातेवाइकांच्या मते या दोन्ही चुका सारख्याच मोठ्या होत्या. वाफेवर चालणारी छोटी इंजिनं हा माझा नाद. कुणी साड्यांमागे वेडं असतं, मी यामागे होते.

कुर्डुवाडीत एका जुन्या रेल्वे मिस्त्रीने घरी बनवलेलं पितळी इंजिन आहे असं कानावर आलं, तशी मी गेले. मिस्त्री केव्हाच वारला होता. त्याचा थोरला मुलगा भास्कर पाखरे तिथे राहायचा. तोही रेल्वे कारखान्याच्या बॉयलर शॉपातून नुकताच निवृत्त झालेला, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं मोजकं. त्याने पलंगाखालून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते धूड बाहेर काढलं आणि गाठ सोडली. खिडकीतून ऊन येत होतं. एकेक रिव्हेट हाताने ठोकलेली, चाकाचा एकेक आरा कानशीने घासलेला. ड्युटी संपल्यावर, भंगारातलं पितळ जमवून, त्या माणसाने कित्येक वर्षं घालवून ते केलं होतं.

"दादा म्हणायचे, माझी दोन पोरं आहेत आणि हा तिसरा," भास्कर वडिलांबद्दल म्हणाला. मी हसले. तो हसला नाही.

व्यवहाराला वेळ लागला नाही. जाताना त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. "मॅडम, रोज पुसायचं. बोटाचा ठसा राहता कामा नये. दादांना ठसा खपायचा नाही. आणि कुठून आणलं, कुणाला बोलू नका."

"का बरं?"

"घरातलं आहे काही."

पुढे कित्येक महिने मी त्या इंजिनात बुडाले. बॉयलरमध्ये क्षाराचे थर धरले होते, ते काढले. पाण्याचा दाब देऊन बॉयलर तपासला. सिलिंडरचं पॅकिंग बदललं, व्हॉल्व्ह घासून बसवले, प्रत्येक सांध्यात शिवणयंत्राचं तेल थेंब थेंब सोडलं. बाहेरचं पितळ चिंचेच्या कोळाने आणि चाळलेल्या राखेने घासलं, मऊ धोतराने पुसलं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा स्वतःच्या वाफेवर फिरलं, त्या दिवशी मी शेडमध्ये एकटीच टाळ्या वाजवत उभी होते. सरळच सांगते, मी त्या इंजिनाच्या प्रेमात पडले होते.

आणि प्रेमात पडलेलं माणूस करतं तेच मी केलं, मिरवलं. आयटीआयच्या प्रदर्शनात ते मांडलं. स्थानिक वर्तमानपत्राने फोटो छापला, मीच सांगून बसले होते म्हणून खाली लिहिलं, 'कुर्डुवाडीच्या कै. तुळशीराम मिस्त्रींची कलाकृती'. तो कागद खडी फोडायच्या खाणीवर कुणाच्या तरी भाकरीखाली जाऊन पोचला. दिगंबर तिथे कामाला होता.

त्याला मी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दुसरं काय करणार? माझा ओठ सुजलेला, त्याचा खांदा लोंबणारा. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे टकमक बघत होता. डॉक्टरांनी विचारलं, "हे कशानं झालं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिगंबर म्हणाला, "खाणीत घसरलो. ह्या ताईंनी आणलं."

मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. मी बाहेर बूथवर जाऊन भास्करला फोन लावला.

"तुमचा भाऊ घण घेऊन आला होता," मी म्हणाले.

पलीकडे त्याने घसा खाकरला. मग, "इंजिनाला काही झालं?"

"नाही."

"पाणीकाच बघितली का? बॉयलरच्या मागची, पाणी दाखवते ती. ती नाजूक असते."

"अहो, तुमच्या भावाचं हाड मोडलंय. मीच मोडलंय."

"हो, हो. पण काच बघा मॅडम. तसली काच आता मिळत नाही."

मी फोन आपटला. बूथवाला दचकला.

परत आले तर नर्स दिगंबरवर खेकसत होती. त्याच्या उजव्या हाताला सुई लावायची होती आणि तो मूठ उघडत नव्हता.

"उघडत न्हाई ती," तो म्हणाला. "कवाच उघडत न्हाई."

तेव्हा मी ती मूठ पहिल्यांदा नीट पाहिली. बोटं तळव्यावर वळून चिकटली होती. कातडं जुनं, ओढलेलं, चकाकणारं. फटीतून तळव्यावरचा एक गोल वण दिसत होता. नर्सने सुई दुसरीकडे लावली. ती गेल्यावर मी विचारलं, "कशानं झालं हे?"

सांगावं की नाही, याचा त्याने थोडा विचार केला.

"दादा खंडेनवमीला इंजन पेटवायचे. वर्साचं येकदाच. हत्यारांची पूजा झाली की अख्खी चाळ आमच्या दारात. बाया नारळ घिऊन यायच्या, इंजनाला हळदकुंकू. माझं काम येकच. काचंपुढं बसायचं आन पाणी बगायचं. पाणी खाली गेलं की 'दादा, पाणी' म्हनून वरडायचं, मंग दादा पंप मारून पाणी भरायचे. त्या साली बाहीर हलगी वाजत व्हती. मी ल्हान. हलगीकडं बगत बसलो. परत काचंत बगतो तर पाणीच दिसंना."

"मग?"

"मंग काय. दादांनी सोताच बगितलं, पंप मारला. पाणी वर आलं. इंजनाला काय बी झालं न्हाई. पन दादा म्हनले, बॉयलर कोरडा जळला म्हंजी काय व्हतं ते तुला दावतो. भट्टीचं दार लावून घेतलं. तापून लाल व्हतं ते. माझा हात उघडून त्या दारावर दाबला." त्याने मूठ पुन्हा छातीशी घेतली. "भास्करनं मला मागनं धरलं व्हतं. वीस वर्साचा दांडगा गडी. नुकता बॉयलर शॉपात लागला व्हता."

"कुणी सोडवलं नाही?"

"बाहीर हलगी चालूच व्हती. माझं वरडणं कुणाला ऐकू जाणार? आईनं हळद दाबली आन लोकांस्नी सांगितलं, पोरगं भट्टीवर पडलं."

मी हे सगळं ऐकलं. आणि तरी, काय सांगू, मनात पहिल्यांदा आलं ते इंजिनच. "त्यात त्या इंजिनाचा काय दोष?" मी म्हणाले.

"दोष कुटं म्हनतो मी?" दिगंबर म्हणाला. "पन ते अजून चकचकतंय. आन माजा हात बगा."

मी औषधांची चिठ्ठी उचलली आणि बाहेर गेले.

प्लास्टर बांधून निघताना त्याने मला हात जोडले, म्हणजे जोडता येत होते तेवढे. "ताई, मी फोडत न्हाई. सबूद देतो. येकदाच ते पाण्याबिगर जाळा. माझ्या म्होरं. दादा जन्मभर ज्याला भ्याले ते येकदा हुंद्या."

"मुळीच नाही," मी म्हणाले आणि रिक्षाला हात केला.

घरी आले, पाणीकाच बघितली. शाबूत होती. बघितल्यावर माझं मलाच कसंसं झालं, कारण भास्करनेही हेच केलं असतं.

पुढचे काही आठवडे मी रोजच्यासारखी धोतराचा तुकडा घेऊन बसायची. चाकं पुसायची, धुराडं पुसायची. भट्टीच्या दारापाशी आलं की हात थांबायचा. दार गोल होतं, रुपयाहून बरंच मोठं, मध्ये आडवी कडी. दवाखान्यात त्या मुठीच्या फटीतून मी जो वण पाहिला होता, त्यातही ती आडवी रेघ होती. एकदा मी मुद्दाम स्वतःचा तळवा त्या थंड दारावर ठेवून बघितला. लहान मुलाचा तळवा त्यात पुरता मावला असता. मी हात काढला तर पितळावर माझा ठसा उमटला होता, आणि तो मी पुसला नाही. त्यानंतर पुसणं सुटलंच. पितळ काळवंडायला लागलं.

भाद्रपद संपता संपता मी खाणीवर निरोप धाडला: खंडेनवमीला या.

तो सकाळीच एसटीने आला. धुतलेला सदरा, दाढी केलेली. खांदा सांधला होता, पण डावा हात अजून पुरता वर जात नव्हता. मी नेहमीप्रमाणे पूजा मांडली होती. लेथला झेंडूचा हार, पाटावर पान्हे, कानशी, हातोडा, पहार, सगळ्यांना हळदकुंकू. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नसतं. ते निवांत बसवायचं आणि आपण त्याच्या पाया पडायचं. दिगंबर पाया पडला. पाटावर इंजिन नव्हतं, ते टेबलावर वेगळं होतं. त्याच्या तो पाया पडला नाही.

"नक्की ना?" मी विचारलं.

"नक्की."

मी काचेत अर्धं पाणी राहील एवढंच भरलं आणि भट्टी पेटवली. आधी लाकडाच्या ढलप्या, मग बारीक फोडलेला कोळसा. दिगंबर काचेसमोर उकिडवा बसला. न सांगता, बरोबर त्या जागी. पन्नाशीचा माणूस, पण बसण्याची ढब लहान मुलाची, गुडघ्यांना मिठी मारलेली. वाफ चढली, चाकं फिरू लागली. इतकं सुरेख फिरत होतं ते!

पाणी उतरू लागलं. काचेत ती बारीक रेघ खाली खाली सरकत होती. दिगंबरचा श्वास मोठा झाला. रेघ काचेच्या तळाशी आली आणि दिसेनाशी झाली.

"दादा, पाणी," तो पुटपुटला.

आपण काय बोललो हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता आणि ती मूठ छातीशी आवळली गेली होती. पंप माझ्या हाताशीच होता. मी त्याला शिवले नाही.

"मागे या दिगंबर. भिंतीआड या. हे फुटेल आता."

"फुटू द्या."

"अहो, तोंडावर फुटेल!"

तो हलेना. मी त्याची कॉलर धरून ओढायला गेले, आणि त्याच वेळी भट्टीत धाडकन काहीतरी झालं. दार उघडून आपटलं. पेटते निखारे, राख आणि वाफ यांचा लोट थेट बाहेर आला. माझी साडी पेटली, त्याच्या पायजम्यावर निखारे पडले. मी त्याला घेऊन जमिनीवर कोसळले. आम्ही दोघं हातांनी, पायांनी, बादलीतल्या पाण्याने एकमेकांना विझवत होतो आणि इंजिन किंचाळत होतं, सेफ्टी व्हॉल्व्हमधून नव्हे, पोटातून. मग किंचाळणं बारीक झालं, थांबलं. चाकं थांबली.

राख खाली बसली तेव्हा इंजिन टेबलावर तसंच उभं होतं. बॉयलर धड होता. एक शिवणही उसवली नव्हती.

"जळलं का?" दिगंबरने विचारलं. त्याच्या पोटरीवर फोड येत होते, त्याचं त्याला भान नव्हतं.

मी बॅटरी घेऊन भट्टीच्या दारातून आत पाहिलं. विस्तव पूर्ण विझलेला, चिखल झालेला. वर, भट्टीच्या छताला, एक नट होता. काजळी काढताना तो मला कितीदा तरी बोटाला लागला होता आणि मी त्याला साधा नट समजले होते. आता त्याच्या मधोमध आरपार भोक पडलेलं दिसत होतं, आणि कडेला वितळलेलं शिसं.

मी खाली बसले.

"काय झालं ताई? बोला की."

"लेड प्लग आहे," मी म्हणाले. "मोठ्या इंजिनांना असतो तसा. पाणी कमी झालं की मधलं शिसं वितळतं, वाफ खाली भट्टीत येते आणि विस्तव विझवते. बॉयलरला काही होत नाही."

"म्हंजी ते जळलंच नसतं?"

"नाही."

"तवा बी?"

"तेव्हाही नाही."

त्याने त्या छोट्या दाराकडे पाहिलं. "दादांस्नी म्हाईत व्हतं?"

"त्यांनीच बसवलाय."

एवढं बोलले आणि मला त्या मेलेल्या माणसाचा असा संताप आला, की तो समोर असता तर मी त्याच्यावर पान्हा घातला असता. पितळ भाजू नये म्हणून त्याने छतात शिसं ओतून ठेवलं होतं. ते तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असताना त्याने पोराचा हात दारावर दाबला.

दिगंबर रडला नाही. तो उठला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "ताई, भास्कर बॉयलर शॉपात व्हता. त्याला प्लग म्हाईत आसंल?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. बॉयलर शॉपात लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. पण मला खोटं पटकन सुचत नाही, आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"असेल," मी म्हणाले.

त्याने पूजेच्या पाटावरचा हातोडा उचलला. झेंडूचं फूल खाली पडलं.

"दिगंबर, ठेवा तो."

"त्यानं मला धरलं व्हतं," तो म्हणाला. "ठावं आसून धरलं व्हतं."

मी दारात आडवी उभी राहिले. त्याने मला खांद्याने बाजूला केलं. मी त्याचा हात पकडला, त्याने झटकला, मी चौकटीवर आपटले आणि कपाळ फुटलं. "ताई, ह्या टायमाला तुमी पान्हा जरी घातला तरी मी थांबणार न्हाई," तो म्हणाला, आणि अंगणात उतरला. एसटी स्टँड जवळच होता. मला पुढचं सगळं दिसत होतं. पांढरा शर्ट घातलेला म्हातारा दार उघडणार, आणि हा एक शब्दही न बोलता हातोडा घालणार. भास्करसाठी माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नसतं. पण त्याच्यापायी हा माणूस फासावर किंवा जन्मठेपेवर जाणार होता. पाखऱ्यांच्या घराने त्याच्याकडून जे घ्यायचं ते आधीच घेतलं होतं. आता उरलेलं आयुष्यही घेणार होतं.

कपाळावरचं रक्त डोळ्यांत येत होतं. मी पाटावरची पहार उचलली आणि इंजिनाच्या धुराड्यावर घातली.

पितळ मोडल्याचा आवाज मोठा नसतो, पण तो अंगणात पोचला. दिगंबर फाटकापाशी थबकला.

"काय करताव?"

"तुमचं काम करतेय," मी ओरडले आणि दुसरा घाव घातला. बॉयलरवरचा घुमट चेमटला. तिसऱ्या घावाला पाणीकाच फुटली आणि तिचे तुकडे माझ्या पायांवर उडाले. "या इकडे! मला एकटीला जमत नाही."

तो बघत राहिला. ज्या बाईने या इंजिनासाठी त्याचं हाड मोडलं होतं, ती आता रडत, नाक पुसत, खंडेनवमीच्या दिवशी पुजलेल्या पहारीने तेच इंजिन ठेचत होती. चाकाचे ते आरे, कानशीने घासलेले. एकेक मोडताना माझ्या जिवाला चटका बसत होता आणि मी थांबत नव्हते. थांबले असते तर तो गेला असता.

"दार तुमचं आहे," मी म्हणाले. "मी त्याला हात लावलेला नाही."

तो आत आला. भट्टीच्या दारासमोर उभा राहिला. मग डाव्या हाताने, न पेलणाऱ्या खांद्याने, त्याने हातोडा उचलला आणि घातला. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो शब्द नव्हता. तो घालत राहिला. मीही घालत राहिले. बिजागरी तुटली, दार वाकलं, फाटलं, त्याचं दार असणं संपलं, तरी तो ठोकत होता. शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन 'अगं बाई' म्हणाल्या आणि पळाल्या. शेवटी त्याच्या हातातून हातोडा गळून पडला आणि तो त्या पितळेच्या ढिगाऱ्यापाशी मांडी घालून बसला. आता तो रडला. मीही. तो हातासाठी, मी इंजिनासाठी. उगाच खोटं कशाला बोलू?

इतक्या वर्षांनीही मला कुणी विचारतं की तसलं दुसरं इंजिन का घेतलं नाही. मी म्हणते, मिळालं नाही.

त्या दिवशी मी त्याला एसटीने जाऊ दिलं नाही. माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. पोटरीला मलम लावलं, माझ्या कपाळावर पट्टी चिकटवली आणि स्कूटर काढली. खाण कुर्डुवाडीच्या पलीकडे होती, म्हणजे गावातूनच जावं लागणार होतं. तो मागे बसला. गावात शिरलो, रेल्वेचं फाटक ओलांडलं, आणि भास्करच्या गल्लीचं वळण दिसू लागलं. मी वेग वाढवला.

मागून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो न उघडणारा.

"सावकाश हाना ताई," तो म्हणाला. "मी उतरत न्हाई."